दुसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही

मंगळवार, संध्याकाळ

डबा आज भरलेलाच खोलीवर परत आला. चूक माझीच, पण राग त्यांचाही येतोय.

राईस मिलच्या ऑफिसात मी नवी. दुपारी सगळ्या जणी टेबल जोडून बसल्या, तेव्हा अकाउंटच्या मॅडमनी विचारलं, "आपका खाना हो गया?" मी हो म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. गावी रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बांधावर शिदोऱ्या सुटल्या की जो तो जेवली का विचारतो, आणि पहिल्यांदा सगळेच हो म्हणतात. लगेच पुढे सरकून बसणं बरं दिसत नाही. त्या पहिल्या 'हो'वर कोणी विश्वासही ठेवत नाही. "बस ना वं, भाजी तरी चाखून पाय," म्हणत हाताला धरून बसवतात.

इथे मॅडम "अच्छा" म्हणाल्या आणि जेवायला लागल्या. मग मी डबा उघडणार कसा? सगळ्यांना द्यायला म्हणून वांग्याची भाजी जास्तीची नेली होती. कशाला नेली? इथे शिदोरी नसते, लंच असतो. ज्याचा त्याचा.

आत्ता गावाहून आईचा फोन आला.

"जेवली का बाई?"

"हो."

"खरं सांग. जेवली का?"

"आता जेवून राहिली," म्हटलं, आणि निदान तेवढं तरी खोटं ठरू नये म्हणून डबा उघडला. भाजी जरा आंबली होती.