टेबलाचा पाना माझ्याकडे आहे

अहो,

आपलं जेवणाचं टेबल न्यायला ते गिऱ्हाईक अकराला येईल. त्याला चहा द्या, टेबल देऊ नका. तुम्हाला कुणाला नाही म्हणणं जमत नाही, म्हणून पाय खोलायचा पाना मी पर्समध्ये टाकून निघालेय. पाय काढल्याशिवाय ते दारातून बाहेर जात नाही.

पहाटेपासून नुसत्या येरझाऱ्या घालतेय. खोकी भरते आणि परत उपसते. शेवटी टेप घेऊन नव्या घरी चाललेय, टेबल कुठे बसतंय का ते पुन्हा एकदा मोजायला. भाजी झाकून ठेवलीय.

लेकीला फोन करून माझं गाऱ्हाणं सांगू नका. "दोघंच तर आहात, कशाला हवा एवढा पसारा?" हे मला पाठ झालंय. लहान घर मलाही पटलंय. सोफा द्या, कपाट द्या, माझं शिलाई मशीनसुद्धा द्या.

पण टेबलाऐवजी तुम्ही पसंत केलेली ती भिंतीतली फळी मला नको. तिच्यापाशी दोघांनी शेजारी बसायचं आणि भिंतीकडे बघत जेवायचं.

कालपासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. समोर बसता, म्हणून निदान राग तरी दिसतो मला.