सेफ्टीवाल्यांना थोडं ताटकळू दे

५ जानेवारी
आजपासून रोजनिशी, आणि तीही मराठीत. अर्जाबरोबरच्या स्टेटमेंटमध्ये मी लिहिलंय की मी दोन भाषांमध्ये विचार करतो. उद्या कोणी विचारलं तर पुरावा असावा.

परिस्थिती अशी: इंग्लिश लिटरेचरच्या पीएचडीसाठी परदेशात चार ठिकाणी अर्ज गेलेत. विषय, साहित्यातलं मौन. नावं लिहीत नाही, उगाच नजर लागते. एक लाल विटांचं, एक बर्फातलं, एक समुद्रावरचं, आणि एक सेफ्टी. सेफ्टी म्हणजे लाइट गेले तर असावी म्हणून घरात मेणबत्ती ठेवतात तसं. लाइट जाणार नाहीयेत.

संकल्प: मेल दिवसातून एकदाच बघायचा. शांत राहायचं. कोणाशी भांडायचं नाही.

६ जानेवारी
मेल एकदाच बघितला. जंक फोल्डर धरत नाही, तो वेगळा फोल्डर आहे. तो बऱ्याच वेळा बघितला.

आईशी भांडलो.

१९ जानेवारी
बाबा चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतायत की मुलगा कॉम्प्युटर शिकायला बाहेर चाललाय. मी म्हटलं, कॉम्प्युटर का? म्हणाले, लोकांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकलेले असतात, त्या वेळी एवढं समजावत बसता येत नाही. माझ्या आयुष्याचं काम यांना डोळ्यांत थेंब असताना सांगण्यासारखं वाटत नाही. उद्यापासून यांच्याशी अबोला. विषयाचा रिसर्चही होईल.

२० जानेवारी
अबोला मोडला. चार्जर सापडत नव्हता.

३ फेब्रुवारी
ऑफिस. आमची कंपनी मशीनबरोबर येणारी माहितीपुस्तकं लिहिते. मी सध्या ज्युसरवर आहे. ‘झाकण नीट बसल्याशिवाय बटण दाबू नये.’ हे वाक्य मी चार प्रकारे लिहिलं. साहेबांनी पहिलं ठेवलं. ह्या माणसाला स्टाइल दाखवणं म्हणजे भिंतीला मसाज.

शेजारच्या टेबलवर जी बसते तिला मी मनात कॉमा म्हणतो, कारण ती माझ्या पानांत ते घालत बसते. तिनेही अर्ज केलाय. लिटरेचरलाच. आणि एकाच ठिकाणी: सेफ्टीला! मी मेणबत्ती म्हणून ठेवलेल्या जागेला ही सूर्य समजते. मी फक्त हसलो. तिने विचारलं, दात दुखतोय का.

डिसेंबरमध्ये माझं स्टेटमेंट वाचून ती म्हणाली होती की ते दुसऱ्या पानावर सुरू होतं, पहिलं काढून टाक. पहिल्या पानावर मी जन्मलोय. ते काढायचं म्हणजे काय?

११ फेब्रुवारी
लाल विटांचा नकार. त्यांच्याकडे ऑफिस उघडतं तेव्हा आमचा संध्याकाळचा चहा असतो, त्यामुळे अपमान नेहमी बिस्किटाबरोबर येतो.

पण मेल नीट वाचला. सामान्य माणूस ‘नाही’ बघतो आणि रडतो. मी लिटरेचरचा आहे, मी ओळींच्या मधलं बघतो. त्यांनी लिहिलंय, यंदा असाधारण अर्ज आले होते. त्या असाधारणांत माझा अर्ज धरलेला आहे. म्हणजे त्यांनी मला असाधारण म्हटलं. लेखी.

तरीही त्यांची सगळी बिल्डिंग ओलीने भरो.

१४ फेब्रुवारी
केजीपासून इंग्लिश मिडियम, तरी ह्या लोकांनी माझी इंग्लिशची परीक्षा घेतली होती, ते आज परत आठवून संताप झाला. बोलण्याच्या परीक्षेत विचारलं, घरातल्या एखाद्या आवडत्या फर्निचरचं वर्णन करा. मी फर्निचर ह्या कल्पनेवरच प्रश्न उभा केला. बोलण्यात सगळ्यात कमी मार्क मिळाले. कॉमाने खुर्चीचं वर्णन केलं होतं म्हणे. चार पाय, एक पाठ. फुल मार्क. काय बोलायचं!

२० फेब्रुवारी
आज मोठा दिवस. बर्फातल्यांना मी निकालाबद्दल एक छोटी आठवण पाठवली होती (पाचवी). त्यांच्या ऑफिसातल्या बाईंचं उत्तर आलं. दोन ओळी: तुमच्या पेशन्सबद्दल आभार, निर्णय लवकरच कळेल. आणि खाली, वॉर्मली.

पूर्ण संध्याकाळ ह्या मेलवर काम केलं. आधीच्या चारही उत्तरांत खाली ‘रिगार्ड्स’ होतं. आता वॉर्मली. ज्याला हाकलायचंय त्याला कोणी वॉर्मली लिहीत नाही. शिवाय ‘लवकरच’. वाईट बातमीला घाई नसते. झालं. मी आत आहे.

आई गणित शिकवते शाळेत. तिला दाखवलं. ती म्हणाली ह्यात काहीच लिहिलेलं नाहीये. चाळीस पोरांच्या वह्या तपासून तपासून माणसाची नजरच जाते.

२१ फेब्रुवारी
राजीनामा दिला. साहेबांना सांगितलं की ज्युसर, मिक्सर आणि तुमच्यासारख्या लोकांमध्ये माझी कॉलेजात पाच वर्षं कमावलेली भाषा गंजत चालली होती. बरंच बोललो. छान झालं भाषण. साहेब फोनवर होते असं मागाहून कळलं, कानात ते छोटं असतं ना. फोन ठेवून म्हणाले, बरं, एकोणतीस मार्चपर्यंत हातातलं संपवून जा.

बाहेर येऊन कॉमाला विचारलं की एकोणतीस म्हणजे ट्वेंटी नाइन की थर्टी नाइन. ती म्हणाली, थर्टी नाइन तारीख नसते.

हिच्या याच स्वभावामुळे हिला कुठे घेणार नाहीत.

२ मार्च
बर्फातल्यांचा नकार. खाली वॉर्मली.

ह्या बाईला शब्दांचा अर्थ कळत नाही आणि ही लिटरेचर डिपार्टमेंटमध्ये बसते. तिला तसं कळवलंय.

९ मार्च
समुद्रवाल्यांचाही नकार. मेलसुद्धा नाही, त्यांच्या साइटवर लॉगिन करून स्वतः जाऊन नकार घ्यायचा. पासवर्ड विसरलो होतो. नवीन पासवर्ड करून, तो दोनदा टाइप करून, मी रोबो नाही हे सिद्ध करून मग नकार मिळाला.

ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलं की समुद्राची हवा मला तशीही मानवत नाही.

१८ मार्च, संध्याकाळ
सेफ्टीचा मेल! तुमचा अर्ज आम्हाला आवडला, आत्ता जागा नाही, पण वेटलिस्टवर तुम्ही सगळ्यात वर आहात. यायची इच्छा असेल तर पंचवीस तारखेपर्यंत एका ओळीत कळवा.

आधी उडी मारली. ते कोणी पाहिलं नाही. मग नीट वाचलं. वेटलिस्ट? मला? सेफ्टीने? आणि ‘एका ओळीत’? साहित्यिक माणसाला एका ओळीत बोला म्हणणारी ही कसली जागा?

पण भाषा बघितली तर ती आर्जवाची आहे. ‘इच्छा असेल तर.’ म्हणजे माझी इच्छा नसेल ह्याची त्यांना भीती आहे. घाबरलेत.

१९ मार्च
मामा आला होता. मामा जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. एरवी मी त्याच्याशी बोलत नाही, तो लिटरेचरला ‘लेटर-बिटर’ म्हणतो. पण आज त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, समोरच्याला तुझी गरज दिसली की संपलास. गाडी आवडली तरी टायरला लाथ मारायची, तोंड वाकडं करायचं, अजून दोन बघायच्या आहेत म्हणायचं. तोच मागे पळत येतो.

मामा माणूस म्हणून कसाही असो, विचार पक्का आहे.

२० मार्च
उत्तर लिहायला घेतलं. दुपारी आईने विचारलं काय लिहितोयस एवढं. मी तिला मेल वाचून दाखवला. ती म्हणाली, “तुला यायचंय की नाही, एवढंच विचारतायत ना ते? मग हो म्हण.”

तिला समजावलं की भाषा अशी चालत नाही. म्हणाली, तुझी चालत नसेल. आणि दार आपटून गेली. दार आपटणं हे मौन धरावं का? स्टेटमेंटमध्ये हवं होतं.

२२ मार्च
पाठवलं. अडीच पानं. थोडक्यात असं, की इतर ठिकाणांचा विचार चालू आहे (माझा चालू आहेच, त्यांचा संपला तो त्यांचा प्रश्न). तुमची लायब्ररी फोटोंवरून मध्यम वाटते. मौनावर काम करायला तुमच्याकडे कोणी आहे असं वाटत नाही, पण मी आल्यावर होईल. वेटलिस्ट हा शब्द मला योग्य वाटला नाही. तुम्ही मला काय देऊ शकता ते कळवा. घाई नाही.

मामाला फोन करून वाचून दाखवलं. टायरला लाथ बरोबर बसली म्हणाला. दुसऱ्या पानाच्या सुमारास त्याचा आवाज येईनासा झाला होता, नेटवर्क खराब असावं.

२६ मार्च
सेफ्टीचं उत्तर. मोकळेपणाबद्दल आभार. इतर पर्याय आहेत हे वाचून आनंद झाला, म्हणून तुमचं नाव काढून पुढच्या उमेदवाराला विचारत आहोत. शुभेच्छा.

हा डाव आहे. मामाही म्हणाला, आता दोन दिवस तिकडे बघायचंच नाही. बघत नाहीये.

२७ मार्च
बघितलं. काही नाही. त्यांची घालमेल चालू असणार. थोडं ताटकळू दे.

२९ मार्च
ऑफिसचा शेवटचा दिवस. कोणी भाषण केलं नाही. साहेबांनी ज्युसरची शेवटची चार पानं आजच हवीत म्हणून सांगितलं. ड्रॉवर रिकामा केला. गंजलेलं पंच मशीन आणि तीन पेनं. पेनं ऑफिसची होती, ठेवून घ्यावी लागली त्यांना. म्हणजे मला ठेवावी लागली. हे वाक्य नंतर दुरुस्त करायचं.

३ एप्रिल
कॉमा घरी आली होती. आईशी बोलत बसली, मग माझ्याकडे. तिला सेफ्टीमध्ये मिळालं. तीही वेटलिस्टवर होती, माझ्या खाली, दुसरी. तिने काय उत्तर दिलं होतं ते विचारलं. तिने फोनवर दाखवलं. हो, मला नक्की यायचं आहे. एवढंच. कॉमासुद्धा एकच.

मी अभिनंदन केलं. आवाज नीट आला असावा. मग ती म्हणाली, “वरचं कोणीतरी स्वतःहून गेलं म्हणे. असं कोण जातं रे?”

मी म्हटलं, असतात काही लोक.

आई स्वयंपाकघरात होती. तिने सगळं ऐकलं असणार. ती काही बोलली नाही. जेवताना पण नाही. बाबांनी दुकानात काय सांगायचं तेवढं विचारलं, मी म्हटलं काही सांगू नका. ते म्हणाले, गिऱ्हाइकं विचारतात रे.

४ एप्रिल
काही नाही.

८ एप्रिल, दुपार
साहेबांचा फोन. कॉमा पुढच्या महिन्यात सोडतेय, वॉशिंग मशीन अर्धवट पडलंय, नवीन माणूस शिकवण्यात वेळ जाईल. येणार का, उद्यापासून, तिच्या हाताखाली महिनाभर, मग पुढे बघू. माझं भाषण त्यांना आठवत नव्हतं किंवा त्यांनी तसं दाखवलं.

मी म्हटलं की माझ्यासमोर इतर पर्याय आहेत, सगळ्या बाजूंनी विचार करून कळवतो.

ते म्हणाले, “कधी कळवणार?”

म्हटलं, हो.