दहा ताऱ्यांपुरती गप्प

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

पुराव्याशिवाय पद्धत निवडायची नाही! आजच्या बैठकीत हे मी तीनदा बजावले आणि तिन्ही वेळा उत्तरादाखल बिस्किटे मोडण्याचा आवाज ऐकला. ऑटिस्टिक मुलांसाठी आपण अमुकच पद्धत का निवडतो, एवढेच प्रत्येकाने सांगायचे होते. चेतना, आमच्या अंधेरीच्या केंद्रातली नवी थेरपिस्ट, म्हणाली, "मला तेच शिकवलंय ना!" फिलिप मुलांच्या बोलण्यावर काम करतो. तो म्हणाला, "पालक खूश, मी खूश." आणि अशांच्या हाती मुले! शेवटी मी माझी तारापद्धत मांडली: एक सवय ठरवायची, ती टाळली की फलकावर एक तारा, दहा ताऱ्यांना बक्षीस. सोबत शोधनिबंध. चेतनाचे बिस्किट चहात विरघळून गेले.

दुपारी सम्यक. वय सतरा, बारावीत, जीभ सुरीसारखी. कॉलेजच्या लायब्ररीत हा सतत गुणगुणतो, म्हणून आता त्याला तिथे बसू देत नाहीत. त्याची आई शुभा अगदी टेकीला आलेली. "मॅडम, एवढं बंद करा. परीक्षा तोंडावर आलीय. घरी मालाडला जुळ्या बहिणींचा दंगा. पोरगा अभ्यास करणार कुठे?"

मी तारापद्धत सुचवली. विचार करावा लागलाच नाही.

"तुमच्यावर करून पाहिलीय?" सम्यकने विचारले.

"मला तशी गरज नाही."

"आई, मॅडमना गरज नाही!" पोट धरून हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "आधी तुम्ही. मग माझं बघू."

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आव्हान स्वीकारले आहे. आई ऑफिसातून सुटेपर्यंत सम्यक रोज आमच्या रिसेप्शनमध्ये बसतो. कर्मचाऱ्यांचा चहाही तिथेच होतो, म्हणजे निरीक्षणाची सोय आयती! टाळायची सवय त्यानेच निवडली: दुसऱ्याचे बोलणे पूर्ण होण्याआधी ते दुरुस्त करणे.

"पण मी असं कधीच—"

"माझं संपलं नव्हतं, मॅडम."

बक्षीस: चिकू मिल्कशेक. एकावन्न वर्षांच्या, दोन पदव्युत्तर पदव्या असलेल्या बाईला!

मुकुलला जेवताना सांगितले. नवरा म्हणून थोडे गांभीर्य अपेक्षित होते. "तू? गप्प? अगं शर्मिष्ठा, त्या मुलाला माझ्यातर्फे पण एक मिल्कशेक दे."

बुधवार, १२ नोव्हेंबर

शून्य तारे. साकीनाक्याहून वर्सोव्याला जाताना घाटकोपर लागते (ते तर उलट दिशेला!), असे फिलिप छातीठोकपणे सांगत होता. माणसाने सोसायचे तरी किती!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चार! युक्ती साधली. जीभ टाळूला लावायची, ओठांवर हसू ठेवायचे आणि मनात संस्कृत धातू चालवायचे. चेतना म्हणाली, "आजकाल किती शांत वाटता तुम्ही!" शांत? आत प्रेशर कुकर, बाहेर झाकण!

तरी लिहून ठेवते, कारण इथे कोणी वाचणार नाही: चौथा तारा लागला तेव्हा मला निखळ आनंद झाला. नंतर काही काम नसताना मी रिसेप्शनमध्ये गेले. केवळ काहीही न बोलण्यासाठी!

सोमवार, १७ नोव्हेंबर

दुपारपर्यंत नऊ. दहावा हाताशी.

चहाच्या वेळी वर्सोव्याची ऑलिव्ह आली, आपल्या चार वर्षांच्या एल्टनला कडेवर घेऊन. हा मुलगा जगात तीनच गोष्टी खातो — दूध, पाव आणि तळलेला बोंबील. चौथी समोर आली की ओकारी. चेतना तिला सांगू लागली, "दूध आणि गहू दोन्ही बंद करा. महिन्यात फरक दिसेल. सिद्ध झालंय."

सिद्ध झालेले नाही. आणि तिनातून दोन गेले तर मुलाच्या पोटात जाणार काय? मला सगळे ठाऊक होते. मी तोंड उघडले. सम्यकचे पेन फलकाशी थांबले होते.

मी तोंड मिटले. ऑलिव्हने मान हलवली, मुलाला सावरले आणि गेली.

"दहा! झकास, मॅडम!"

मिल्कशेक मी संपवला. चवीला उत्तम होता.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळी उठताच ऑलिव्हला फोन.

"खूप रडला, मॅडम. दूध मागत होता, मी नाही दिलं. शेवटी उपाशीच झोपला." मग थांबून म्हणाली, "तुम्ही तिथंच होता ना? मला वाटलं, शर्मिष्ठा मॅडम गप्प आहेत म्हणजे बरोबरच असणार."

"आत्ताच्या आत्ता दूध दे त्याला. पावसुद्धा. चूक आमची आहे."

नंतर चेतनाला गाठले. या वेळी तिचे एकही वाक्य पूर्ण होऊ दिले नाही! ती रडवेली झाली. "मग कालच का नाही बोललात?"

"मला मिल्कशेक मिळणार होता."

तिला ते खोचक उत्तर वाटले.

केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहावे, हे त्या फलकाने मला शिकवलेच नाही. सम्यकसमोर गप्प राहावे, एवढेच शिकवले. आणि हेच फलक मी बारा वर्षे मुलांना वाटत आले आहे!

बुधवार, १९ नोव्हेंबर

निर्णय झाला. सम्यकवर तारापद्धत नाही! कॉलेजला पत्र पाठवले: गुणगुणणे हा त्याचा स्वतःला सावरण्याचा मार्ग आहे, तो रोखू नये, लायब्ररीत त्याला आहे तसा बसू द्यावा. मसुदा चार वेळा घासूनपुसून लख्ख केला. शुभाला फोनवर कळवले. "बरं, मॅडम," एवढेच म्हणून तिने फोन ठेवला. बहुधा गहिवरली असावी. मीही थोडी गहिवरले. स्वतःच्याच पद्धतीविरुद्ध निकाल द्यायला धैर्य लागते!

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सम्यक आला तो तणतणतच. "ते पत्र कोणाला विचारून पाठवलंत? मला थांबवायचंय गुणगुणणं. फक्त लायब्ररीत. तिथे गुणगुणलो की माझं मलाच वाचता येत नाही! तुमच्यासारखी बाई आठवड्यात गप्प बसली, म्हणजे पद्धत चालते. एवढंच बघायचं होतं मला."

फलक त्याने स्वतःच आखून आणला आहे. तारे तोच देणार, कधी थांबायचे तेही तोच ठरवणार.

सोमवारी आम्ही दोघे पत्र मागे घ्यायला कॉलेजात जाणार. काय बोलायचे ते मी त्याला विचारले. आज, पहिल्यांदा.

"मी बोलीन," तो म्हणाला. "तुम्ही सोबत चला."