कारध्याचा भोंगा वाजला नाही

२२ जुलै
कारध्यात वैनगंगा शिरली. घाटावरची पातळी मोजणारी पेटी आमची, भोंगाही आमचा. पेटी धोक्याचा निरोप भंडाऱ्याला आमच्या ऑफिसात पाठवते, मग इथून गावातला भोंगा वाजतो. वाजलाच नाही. पेटी सांभाळणाऱ्या सुखदेवभाऊंची वहिनी बांधलेला डोंगा, म्हणजे नाव, सोडवायला घाटावर उतरली होती. अजून सापडली नाही.

२४ जुलै
सापडली. बरीच खाली, बाभळीत अडकलेली.
पेटीची देखभाल सुखदेवभाऊंकडे. मासेमार माणूस, नदी ओळखतो, म्हणून मीच निवडलं होतं. आज त्यांना मयतीत उभं राहू दिलं नाही. त्यांचा सख्खा भाऊच म्हणाला म्हणे, तू पेटीची काच पुसली नाहीस म्हणून माझी बायको गेली. आमच्या ऑफिसचे प्रमुख गिरीशसर, त्यांनी अहवालात तेच घातलं, देखभालीत हलगर्जी. खाली माझीही सही. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. खरंच वाटत होतं.

२७ जुलै
पेटी उघडली. आत कोरडी ठणठणीत. निरोप पाठवल्याची नोंद आहे, एकदा नाही, अकरा वेळा. मग इथे का

२९ जुलै
पोचले होते. आम्हीच फेकले.
प्रत्येक निरोपासोबत त्याच्या आकड्यांची बेरीज येते. इथे पुन्हा बेरीज करायची, जुळली नाही तर निरोप खराब समजून टाकून द्यायचा. तो कोड माझा. काम लवकर व्हावं म्हणून चार-चार बाइट एकदम उचलते त्यात. जुन्या बोर्डाचा प्रोसेसर कुठूनही चार बाइट नीट उचलायचा. मे महिन्यात ऑफिसात नवा बोर्ड बसवला. त्याला मेमरीतला पत्ता चारने भाग जाणाराच लागतो. नसला तर तक्रार करत नाही, गुपचूप भलतंच वाचतो.
साधा निरोप बरोबर अशाच पत्त्यावर बसतो. धोक्याच्या निरोपाला आधी दोन बाइटांची खूण जास्त, त्यामुळे मजकूर दोनने सरकतो. म्हणजे नेमके धोक्याचेच निरोप बाद. चाचणी मी साध्या निरोपांवर घेतली होती.

३० जुलै
आता एकेक बाइट उचलून जोडते. सहा ओळी. जेवायच्या आधी झालं.
सरांना सगळं सांगितलं. म्हणाले, "दुरुस्त झालं ना? मंग अहवाल कायले बदलवतेस? ती बाई वापस येते का?"
मी अहवाल तसाच राहू दिला. जमलं.

२ ऑगस्ट
सुखदेवभाऊ आले. चपला दाराबाहेर काढल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. तसं काही नाही. रोज पुसत होतो म्हणाले, पण सायबानं लिहिलं म्हणजे काहीतरी राहिलंच असंल.
"मॅडम, माही चूक काय झाली तेवढी कागदावर लिहून द्या. भावाले वाचून दाखवतो. मले तं समजूनच नाही राहिलं."
सोमवारी या म्हटलं.

४ ऑगस्ट, सोमवार
दहापासून बाहेरच्या बाकावर बसलेत. सरांनी मजकूर तयार करून टेबलावर ठेवला, पेटीची काच वेळेवर साफ न केल्यामुळे वगैरे. तुझ्या अक्षरात उतरवून दे म्हणाले, आणि गेले.
कोरा कागद घेतला. तारीख टाकली. 'श्री. सुखदेव यांस' इतकं लिहून झालंय. त्यांनी दारातून विचारलं, टाइम हाये काय, मंग मी चहा पिऊन येतो.
थांबा म्हटलं.