पहिला आलू महादेवाचा

३ नोव्हेंबर

गाठ आहे म्हणते! लावायचे आलू कापता कापता बायकोनं सांगितलं. शेजारची मांजर व्याली हे सांगावं, तसं. डाव्या छातीत, काखेच्या बाजूला. सुपारीएवढी.

मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, ऊठ, आत्ताच्या आत्ता जाऊ. सरकारी मेडिकलला जाऊ, खासगीत जाऊ, कुठंही जाऊ. रुख्मा म्हणाली, "आधी हे पहा. तुम्ही बिनडोळ्याची फोड कापली. अशी फोड उगवत नसते."

मग खरी बातमी. अंभोऱ्याच्या महादेवाला ती नवस बोलली आहे — घरी पिकलेला पहिला आलू तुझ्यापुढे ठेवीन, तोवर दवाखान्याची पायरी चढणार नाही. आपल्या देवघरातल्या पिंडीपुढे ठेवला तरी चालतो म्हणे. पण आलू निघायला फेब्रुवारी उजाडेल!

"असं काहून बोलली वं?"

"बोलली तर बोलली."

बस. यावर आमच्या घरात उत्तर नाही. देवाला बोललेलं आईनं कधी मोडलं नाही, आजीनं मोडलं नाही. मी हिला ओढून नेली आणि तिथं काही उलटसुलट झालं, तर जन्मभर ते माझ्या डोक्यावर. पुण्याला लेकीला, मयुरीला, कळवायचं नाही, ही वरून दुसरी अट. मला भीती वाटते आहे. घरात बोलायची सोय नाही म्हणून इथं लिहितो.

४ नोव्हेंबर

लावले आलू. मागच्या अंगणात, कपडे धुवायच्या दगडापासून भिंतीपर्यंत. फोडींना राख चोळून ठेवली होती. सुतळी ताणून ओळी आखल्या. तांडापेठेत होतो तेव्हा बाबा मागावर ताणा लावायचे, तशा सरळ आल्या. रुख्मा म्हणाली, "आलूले काही साडी नेसायची नाही, लवकर आटपा."

बियाणं तिच्या भावाने दिलं, कुहीच्या रुपरावने. तो धानाचा माणूस, त्याला आलूतलं किती कळतं कोण जाणे.

ती वाकून फोडी ठेवत होती, डोळा वर करून. डावा हात तसाच चालत होता, दुखत असल्यासारखा वाटला नाही. मी सगळा वेळ तेच पाहत होतो. माती लोटायची राहिली, त्यावरून बोलणी खाल्ली.

१० नोव्हेंबर

काही उगवलं नाही.

१२ नोव्हेंबर

आजही नाही. पाणी जास्त झालं काय? कमी झालं काय?

१५ नोव्हेंबर

उकरलं. एकच जागा, कडेची. पांढरा जाड कोंब निघाला होता आणि माझ्या बोटानं मोडला.

पकडला गेलो. रुख्मा मागे उभीच. "झोपलेल्या लेकराले उठवून पाहता काय, झोपलं का म्हणून?" मी म्हटलं, चुकून झालं. चुकून कसलं! सगळी नोकरी इतवारीत साडीच्या दुकानात गेली. गिऱ्हाइकापुढे घडी उलगडायची, पदर दाखवायचा, काठ दाखवायचा. उलगडल्याशिवाय आत माल आहे यावर माझा विश्वासच बसत नाही. दसऱ्याला दुकान सुटलं तेव्हापासून हातांना काम नाही, नुसते वळवळतात. हिच्या गाठीचंही तेच. दाखव म्हटलं तर दाखवत नाही. "तुम्ही डॉक्टर हाय काय?"

२१ नोव्हेंबर

आले! हिरवेगार, चुरगळलेली पानं घेऊन. चार ठिकाणी नाहीत. त्यातलं एक माझं.

उगाच आनंद झाला. मग आठवलं की आता कुठं सुरुवात आहे.

२ डिसेंबर

मयुरीचा फोन. "बाबा, आवाज असा काहून येऊन राहिला? सर्दी आहे काय?" सांगणारच होतो. जिभेवर होतं. रुख्मानं फोन काढून घेतला आणि तिला मेथीच्या लाडवाचं प्रमाण सांगत बसली.

दुपारी शामलासोबत सीताबर्डीला गेली. शामला म्हणजे भिंतीपलीकडची, हिची जीव की प्राण. स्वेटर घ्यायचं होतं म्हणे. संध्याकाळी दोघी हात हलवत परत. रंग आवडला नाही! एवढ्या सीताबर्डीत एक रंग आवडला नाही? बायकांचं हे मला दुकानातही कधी कळलं नाही. दहा साड्या पसरायला लावायच्या आणि चहा पिऊन उठायचं.

पायी फिरायला जमतं, मेट्रोचा जिना चढायला जमतं. दवाखाना तेवढा जमत नाही. रात्री खाली मान घालून जेवलो. तिनं दोनदा भाजी वाढली, न विचारता.

९ डिसेंबर

झाडांना मातीची भर घातली. खोडाशी माती ओढायची, उजेड लागला तर आलू हिरवा पडतो, कडू होतो. हे रुपरावने फोनवर सांगितलं. म्हणजे त्याला कळतं थोडंफार.

"मोठी झाली काय?" मी विचारलं.

"कोणती, झाडं?"

"रुख्मा."

"नाही झाली मोठी."

"तुले काय समजते?"

"माझ्या अंगावर आहे, मले नाही तर कोणाले समजन?"

फावडं भिंतीला फेकून मारलं. शामलाने पलीकडून विचारलं, "भाऊजी, काय पडलं?" मी म्हटलं, काही नाही.

१७ डिसेंबर

थंडी. काल कडाक्याची होती, आज त्याहून. पाल्यावर जुनं धोतर पांघरलं. रुख्मा हसली. मी नाही हसलो.

१९ डिसेंबर

चोरी केली. रुख्मा आंघोळीला गेली तेव्हा मधल्या ओळीतल्या झाडाखाली हात घातला. हाताला लागलं! ओढून काढला. धुतला. पिंडीपुढे ठेवला, वर बेलाचं पान. ती बाहेर आली तेव्हा मी चप्पल घालूनच उभा होतो.

तिनं तो उचलला, दोन बोटांत फिरवला. "ही गोटी आहे."

"आलूच आहे. घरचाच आहे. पहिलाच आहे."

"देवाले गोटी देता? माणसानं पोटभर खावा असा पाहिजे." आणि तो आलू माझ्या हातात परत दिला, शाळेतला मास्तर चुकलेली पाटी परत देतो तसा.

काय म्हणावं या बाईला! एवढी हट्टी नव्हती. लग्नानंतर सासूसासऱ्यांपुढे मान वर करून बोलली नाही, मला 'नाही' म्हणायला तिला वर्षं लागली. आता महादेवाच्या आड उभी राहून सगळी वसुली करते आहे.

२४ डिसेंबर

झोप नाही. दिवसा अंगणात, रात्री छताकडे. ती शांत घोरते.

३० डिसेंबर

परत शामलासोबत बाहेर. यावेळी ब्लाउजचं कापड. परत काही आणलं नाही. मी विचारलंही नाही.

कुहीला जाऊन आलो. वाटलं होतं रुपरावला सांगावं, भावाचं तरी ऐकेल. त्याच्या ओसरीवर चहा घेतला, धान किती झालं विचारलं, बैलाची चौकशी केली. तोंड उघडलंच नाही. रुख्मानं शपथ घातली नव्हती, पण सांगितलं असतं तर गाठ खरी झाली असती असं काहीतरी वाटलं. आलू लवकर कसे निघतील एवढंच विचारलं. तो म्हणाला, "पाला पिवळा पडू द्या दाजी. मग पाला कापा, अन् आठ-दहा रोज तसेच ठेवा. घाई कराल तर साल धरत नाही." सगळे मला घाई करू नका सांगतात. गाठीला कोण सांगणार?

५ जानेवारी

एक गोष्ट केली आहे. चांगली की वाईट, ठरवत नाही.

बाजारातून एक आलू आणला. नीट निवडला. आपल्या बियाण्याच्याच रंगाचा, थोडी माती लागलेला, मुठीत मावेल एवढा. आणि मधल्या ओळीत पुरला. वरून पाणी शिंपडलं. देवाची माफी मागितली — तुला आलूच पाहिजे ना, कोणाच्या शेतातला का असेना. मातीतलाच आहे.

उद्या सकाळी काढतो. उद्याच दवाखाना.

६ जानेवारी

सकाळी मोठ्यानं हाक मारली. "रुख्मा, ये, हे पहाय काय लागलं!" तिच्यासमोर उकरला. छान निघाला. मी तोंडावर नवल आणलं. दुकानात हजारदा आणलं आहे, ते जमतं मला.

तिनं हातात घेतला आणि अंगठ्यानं साल घासली. एकदा, दोनदा. साल जागची हलली नाही. मग तिनं झाडाखाली बोटं घालून आपला एक बारका आलू काढला, त्याच्यावर अंगठा फिरवला. साल कागदासारखी सुटून आली. कोवळा होता ना! दोन्ही माझ्यापुढे धरले.

पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. खांदे हलत होते. हसत होती! हसता हसता धुवायच्या दगडावर बसली. "देवालेही गिऱ्हाईक समजले काय तुम्ही?"

आणि मला रडू आलं. भर अंगणात, मातीच्या हातांनी. साठीचा माणूस. म्हटलं, मले आलू नाही पाहिजे, महादेव नाही पाहिजे, मले तू पाहिजे. तुझ्याशिवाय या घरात मी काय करू? हे मी तिला आजवर कधी म्हटलं नव्हतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, साडीचा रंग छान आहे एवढंच म्हणायचो.

ती हसायची थांबली. माझा हात धरून पाण्याखाली नेला, माती धुतली. म्हणाली, "थोडे दिवस राहिले. एवढे थांबा माझ्यासाठी." आवाज वेगळाच होता. मी हो म्हटलं.

बाजारच्या आलूची दुपारी भाजी केली. मीच केली, तिनं चुलीशी उभं करून शिकवली. मीठ जास्त पडलं. तिनं दोनदा घेतली.

१४ जानेवारी

तीळगूळ. शामला आली होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊजी, वाळले तुम्ही." रुख्मानं तिला डोळ्यानं गप्प केलं. माझ्यामागे दोघींचं काहीतरी चालतं. मीठ जास्त पडल्याची गोष्ट सांगितली असेल.

२६ जानेवारी

पाला पिवळा. मी विळा मागायच्या आत तिनंच आणून दिला. "कापा."

कापला. अंगण उघडंबोडकं दिसतं आहे. आता खाली काय आहे ते दिसतही नाही आणि हातही लावायचा नाही. पाणी बंद. म्हणजे सकाळचं तेवढं काम होतं, तेही गेलं.

२९ जानेवारी

सहा वेळा मागच्या दारापर्यंत गेलो. उकरलं नाही. तिला म्हटलं होतं थांबतो, म्हणून.

१ फेब्रुवारी

आज तिनं बॅग काढली, कपाटावरची. दोन गाऊन, टॉवेल, पेला. "लागलंच तर," म्हणाली. मी बॅगेवरची धूळ पुसत राहिलो.

५ फेब्रुवारी

काढले!

पहाटेपासून दोघंही मातीत. मी खणायचो, ती वेचायची. एका झाडाखाली सात निघाले, एकाखाली दोन, एकाखाली नुसती मुळं. मी जिथं जिथं उकरलं होतं तिथले हिरवे पडलेले. तिनं ते वेगळे टोपल्यात टाकले. "हे तुमचे." बाकीचे चांगले भरले. साल घट्ट, कितीही घासा.

सगळ्यांत गोल निवडून तिनं पिंडीपुढे ठेवला. मी हात जोडले. देवाकडे पाहवत नव्हतं, त्या जानेवारीच्या आलूमुळे. ती बराच वेळ डोळे मिटून होती. मग उठली आणि मी काही म्हणायच्या आत म्हणाली, "उद्या सकाळी आटो सांगा."

तीन महिने मी या वाक्यासाठी तडफडलो. ते आलं तेव्हा वाटलं, आणखी एक ओळ लावली असती तर बरं झालं असतं.

६ फेब्रुवारी

दवाखान्याच्या खिडकीशी नाव सांगायला मीच पुढे झालो. आतली नर्स माझ्यामागे पाहून म्हणाली, "या काकू. आज काकांना आणलं वाटतं?"

रुख्मा दिवाळीच्या आधीपासून इथं येते आहे. शामलाला घेऊन. तपासणी झाली, कॅन्सर निघाला, तीन महिने गोळ्या दिल्या — आधी गाठ लहान करायची, मग काढायची. झाली लहान. डॉक्टर म्हणाले, एक दिवस चुकवला नाही तुमच्या बाईंनी. सोमवारी ऑपरेशन.

बाहेर बाकड्यावर बसलो. "मले काहून नाही सांगतलं वं?"

"तुम्हाले काही काम दिल्याशिवाय तीन महिने काढता आले असते काय?"

"अन् महादेवाले बोलली होती ते?"

रुख्मानं मान हलवली. महादेवाला ती काहीच बोलली नव्हती.