रुखमाला मूळव्याध सांगितली आहे

ऊर्जानगर, गुरुवार

ती. श्रीहरीभाऊंना गुणवंताचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? आरमोरीकडे धान कापून झाले असेल. मी इथे पुतण्या सुनिलच्या क्वार्टरात खाटेवर आहे. तुमची बहीण रुखमा ठणठणीत, माझ्यावर पहारा ठेवते. (फोनवर बोललो की स्पीकर चालू करते आणि क्वार्टरांची सगळी लाईन ऐकते, म्हणून हे पत्र.)

शौचातून रक्त जात होते, आम्ही मूळव्याध समजलो, पण आतड्यात दुर्बीण घालून बघायचे ठरले. डॉक्टरांनी जुलाबाचे औषध दिले आणि बजावले, आरपार दिसेल असे पाणीच प्या. आता आपल्याकडे कोणी गावाला निघाला तरी रिकाम्या पोटी घराबाहेर पडू देत नाहीत, मी तर दवाखान्यात निघालेलो. रुखमाने गंजभर पेज पुढे केली. "घ्या जी, पाणीच त हाय थे. तुमी उपाशी गेले त मले चैन नाई पडन." मी प्यालो. डॉक्टरांनी पडद्याकडे बघून विचारले, "काका, आत धानाची रोवणी केली का?" सगळी शितेच शिते. पुन्हा जुलाब, पुन्हा पाणी.

दुसऱ्या खेपेला गुंगीचे इंजेक्शन दिले. भाऊ, काय सुख ते. मी वैनगंगेत डोंग्यात आडवा पडून चाललो होतो, वल्हवणारे कोणी नाही, दोन्ही काठांना पिवळे धान, आणि पाण्याखालून कोणीतरी कंदील घेऊन सोबत हळूहळू चाललेले. वाटले, आपले गाव आले तरी उतरू नये. शेवटी नर्सबाईने गालावर थापट्या मारून उतरवले. (अजूनही दुपारी डोळा लागला की तो डोंगा येतो, आणि मी निमूट बसतो.)

तर मूळव्याध नाही, गाठ निघाली. तुकडा तपासला, कॅन्सर आहे. स्कॅनमध्ये पसरलेला दिसत नाही. पुढच्या बुधवारी तेवढे आतडे कापून दोन्ही टोके जोडणार. जोड भरून येईपर्यंत काही महिने पोटावर शौचाची पिशवी. कापायची भीती नाही हो. चाळीस वर्षे जिच्या हातचे जेवलो, तिच्यासमोर ती पिशवी लावून बसायचे, याची फार भीती वाटते.

आपला,
गुणवंत

ता. क. तिला मूळव्याधच सांगितली आहे. डॉक्टर बोलत होते तेव्हा तिला चहाला पाठवले होते. तुम्ही सोमवारी या आणि तुमच्या बहिणीला तुम्हीच सांगा. माझ्याने होत नाही.

ता. क. दुसरा. गुडघा दुखत असेल तर राहू द्या. पण या.

दादा, पाकीट टपालात टाकाले ह्यायनं माह्याजवळ देल्लं, मी उघडून वाचलं. मले समदं मालूम हाय. डॉक्टरसायबानं सही घेतली तवाच सांगतलं. पिशवी कशी बदलवाची थे नर्सबाईपासून शिकून घेतलं, दोनदा करून पायलं. ह्यायले सांगू नोको. तू ये, अन् मले काईच मालूम नाई असं समजून सांग. मंग मी ह्यायच्यासमोर रडन. आठ दिवस झाले, मले रडाले जागाच नाई भेटून राह्यली.
रुखमा