चाकाखालची रांगोळी

बाबा, तुमच्या जीपच्या मागच्या चाकाचं ऑइल सील मी बदललं. घरी, अकोल्याच्या अंगणात, माझ्या हातानं. समोर असता तर नुसतं "बरं" म्हणून पेपरात डोकं खुपसलं असतं, म्हणून लिहूनच सांगते. निदान तुम्ही मधेच उठून जाणार नाही.

तुम्ही गेल्यावर जीप माझ्याकडे आली. अलीकडे सील तेल अडवेना, ॲक्सलमधलं तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरू लागलं आणि ब्रेक निसटायला लागला. दादानं अमरावतीहून फोनवरच निकाल दिला, "आईले त्या गाडीत बसवू नको. ब्रेक भरोशाचा नाही, विकून टाक." मी म्हटलं, रविवारपर्यंत थांब. रविवारी आईला कौंडण्यपूरला रुक्मिणीच्या दर्शनाला जायचं होतं, आणि तेही तुमच्याच जीपमधून.

अमरावतीचं अंगण आठवतं. तुम्ही कोर्टातून येता, काळा कोट खुंटीला अडकवता आणि बनियनवरच जीपखाली शिरता. ओसरीवर पक्षकार ताटकळलेला. तेलाच्या डागांनी सड्याचं वाटोळं झालं म्हणून आई करवादते आहे. मी तेव्हा कॉलेजात. मोठ्या ऐटीत हातोडी उचलली आणि नवं सील एकाच बाजूनं ठोकलं. ते तिरपं होऊन चेपलं, तशी तुम्ही ओरडलात, "काहून ठोकून राहिली वं एकाच अंगानं? चकती ठेव वरून. चारी अंगांनी हळूहळू बसव त्याले!" पक्षकारासमोर! त्या दिवशी मी रागानं जेवलेसुद्धा नाही.

शनिवारी जॅक लावून चाक काढलं, ड्रम काढला, ॲक्सल ओढून बाहेर घेतला. जुनं सील कडक होऊन तडकलं होतं, ते उचकटलं. तेल प्यालेले ब्रेक लायनरही बदलले. मग तुम्ही सुताराकडून करून घेतलेली बाभळीची चकती नव्या सीलवर ठेवली आणि चारी अंगांनी, हलक्या हातानं, ते बसवलं. आई पाटावर बसून बघत होती. "तुह्या बापासारखीच जीभ बाहेर काढून राहिली तू," ती म्हणाली. बाबा, माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू!

संध्याकाळी गाडी फिरवून आणली आणि आईच्या डब्यातली रांगोळी चाकाखाली पसरली. तुम्ही पसरायचात तशीच, तिला न विचारता. सकाळी आईनंच वाकून बोट फिरवलं. रांगोळी पांढरीशुभ्र, कोरडी; तेलाचा थेंबही नाही. तिनं दादाला फोन लावला, "पोरीनं केली गाडी दुरुस्त. आता विकाचं नाव काढू नको." आणि पदर खोचून पुढच्या सीटवर जाऊन बसली. घाटावर गर्दीत एक बैल आडवा आला तेव्हा ब्रेक असा लागला, की गाडी जागच्या जागी उभी राहिली.

हे पत्र सीटखाली, चकतीजवळ ठेवते आहे. एक सांगायचं राहिलं. आता गरज नाही, तरी मी रोज चाकाखाली रांगोळी पसरते. सकाळी ती कोरडी दिसली की तुमचं ते "बरं" ऐकू आल्यासारखं वाटतं.